एच.आय.व्ही. व एड्स : एका बाकावरून शिकलेला धडा

आमच्या हायस्कूलच्या वार्षिकात आरोग्यविषयक एखादा तरी लेख असावा, असा जुना प्रघात आहे. हिवताप, क्षय, पाण्याची शुद्धता, तंबाखूचे दुष्परिणाम अशा विषयांवर आम्ही शिक्षकांनी आजवर पुष्कळ लिहिले. एक विषय मात्र आम्ही हेतुपुरस्सर टाळीत आलो. तो कठीण होता म्हणून नव्हे, तर त्याचा उच्चार करताना संकोच वाटे म्हणून. या संकोचाची किंमत आमच्यापैकी कोणास द्यावी लागली नाही. ती एका विद्यार्थ्यास द्यावी लागली. त्याची हकीकत आधी सांगतो आणि मग मुख्य धड्याकडे वळतो. कारण ती घडली नसती तर हा लेखही लिहिला गेला नसता.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका वर्गात एक मुलगा होता. त्याची ओळख पटेल असे काहीही आम्ही येथे लिहिणार नाही. दर महिन्यास एक दिवस तो रजा घेई आणि अर्जावर 'औषध आणावयाचे आहे' एवढेच कारण लिही. कोणी तरी त्यास इस्पितळातील एका विशिष्ट खोलीबाहेर बसलेला पाहिले. आठवड्याच्या आत या गोष्टीस पाय फुटले. प्रथम त्याच्या शेजारचा मुलगा दुसऱ्या बाकावर गेला. मग मधल्या सुट्टीत डबा खाताना त्याच्याभोवतीची जागा मोकळी पडू लागली. आणि शेवटी चार पालक शाळेत आले. 'असा' मुलगा आमच्या मुलांत नको, असे त्यांचे म्हणणे होते. त्या पालकांची समजूत घालणे हे आमचे कर्तव्य होते. ते सोडून, प्रकरण निवळेपर्यंत म्हणून, आम्ही त्या मुलासच मागील भिंतीलगतच्या रिकाम्या बाकावर बसावयास सांगितले. तो मुकाट्याने उठला. दप्तर उचलताना त्याने हळू आवाजात विचारले, "सर, हा बाक पुसून जाऊ का?"

या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. याचे एक कारण आमचा भित्रेपणा आणि दुसरे आमचे अज्ञान. बाकावरून हा रोग पसरत नाही, हे आम्ही ऐकून होतो. पण का पसरत नाही, हे आम्हांस सांगता आले नसते. ज्या ज्ञानाचे कारण सांगता येत नाही, त्यावर प्रसंग आला असता मनुष्याचा भरवसा टिकत नाही. यास्तव प्रस्तुत लेखात 'काय' याबरोबर 'का' हेही सांगण्याचा आम्ही यत्न करणार आहो.

रोगाचे स्वरूप

एच.आय.व्ही. हे एका विषाणूचे नाव होय. आपल्या रक्तात रोगजंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात. त्यांपैकी सी.डी.४ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पेशी म्हणजे त्या सैन्याचे जणू नायक. शत्रू कोण आहे हे ओळखून बाकीच्या पेशींस त्या कामास लावतात. हा विषाणू नेमका या नायकांवरच घाला घालतो. त्यांच्या आत शिरून, त्यांचीच साधने वापरून तो आपल्या असंख्य प्रती निर्माण करतो आणि त्या पेशींचा नाश करतो. औषध न घेतल्यास हा क्रम बहुधा आठ-दहा वर्षे मुकाट चालतो. या काळात मनुष्य दिसावयास धडधाकट असतो. त्याच्या चेहऱ्यावरून, अंगकाठीवरून अगर वागण्यावरून काहीही ओळखता येत नाही. अखेरीस प्रतिकारशक्ती इतकी खालावते की, एरवी शरीराने सहज परतवून लावले असते असे रोग त्यास ग्रासतात. या शेवटच्या अवस्थेस एड्स म्हणतात. तेव्हा विषाणूची बाधा होणे आणि एड्स होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि पहिलीपासून दुसरीपर्यंतचा मार्ग आज औषधाने अडविता येतो.

हा विषाणू रक्त, वीर्य, योनिमार्गातील स्राव व आईचे दूध यांच्याद्वारे एका शरीरातून दुसऱ्या शरीरात जातो. म्हणून त्याच्या प्रसाराचे मार्ग मोजके आहेत : बाधित व्यक्तीशी असुरक्षित लैंगिक संबंध, बाधित रक्त शरीरात चढविले जाणे, एकाने वापरलेली सुई दुसऱ्याने वापरणे, आणि गर्भारपणात, प्रसूतिसमयी किंवा स्तनपानातून आईकडून मुलास बाधा होणे.

आता बाकाकडे येऊ. शरीराबाहेर, उघड्या हवेत हा विषाणू फार काळ तग धरीत नाही. घाम, अश्रू व थुंकी यांतून तो पसरत नाही. शिवाय अखंड कातडी ही त्यास न ओलांडता येणारी भिंत आहे. म्हणून एका बाकावर बसणे, हस्तांदोलन करणे, एका ताटात जेवणे, एका नळाचे पाणी पिणे, एक शौचालय वापरणे, यांपैकी कशानेही हा रोग होत नाही.

डासाविषयी विद्यार्थी नेहमी विचारतात. हिवतापाचा जंतू डासाच्या शरीरात जगतो, वाढतो आणि त्याच्या लाळेतून आपल्या अंगात शिरतो. एच.आय.व्ही. हा विषाणू डासाच्या शरीरात वाढू शकत नाही, तेथे त्याचे पचन होऊन जाते; आणि डास चावताना आपली लाळ सोडतो, आधी प्यालेले रक्त सोडीत नाही. तेव्हा मच्छरदाणी अवश्य लावावी, परंतु ती हिवताप आणि डेंग्यू यांसाठी.

येथे एक गोष्ट नमूद करणे आम्हांस आवश्यक वाटते. खोकल्यातून, हवेतून पसरणारा क्षय हा रोग आमच्या मानखुर्द-गोवंडीच्या दाट, कोंदट वस्त्यांत खरोखर पसरतो, आणि एच.आय.व्ही.बाधित मनुष्यास तर तो विशेष लवकर गाठतो. त्यामुळेच क्षयाच्या रुग्णाची एच.आय.व्ही. चाचणी करण्याची पद्धत आहे. जे पालक बाकाला भ्याले, त्यांच्यापैकी एकानेही वर्गाच्या बंद खिडकीविषयी कधी तक्रार केली नव्हती. भय आणि धोका हे नेहमी एकाच दिशेस उभे असतात असे नाही, हे यावरून ध्यानात यावे.

आपल्या देशातील प्रारंभ

अमेरिकेत या रोगाची पहिली नोंद जून १९८१ मध्ये झाली. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाज बारे-सिनूसी व ल्यूक मोंतान्ये यांनी विषाणूचा शोध लावला. त्यांस २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे त्या काळी असा समज होता की, हा रोग परदेशातला असून आपल्या नीतिमान देशात तो येणार नाही. चेन्नईच्या मद्रास मेडिकल कॉलेजातील प्राध्यापिका डॉ. सुनीती सॉलोमन यांस हा समज मान्य नव्हता. या बाई माहेरच्या गायतोंडे, चेन्नईस स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील. त्यांनी आपल्या निर्मला नावाच्या विद्यार्थिनीस प्रबंधासाठी हाच विषय दिला. निर्मला यांनी वेश्याव्यवसायातील स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले, ते घरच्या फ्रिजमध्ये जपून ठेवले आणि तपासणीसाठी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात नेले. डॉ. आयडा स्कडर या मिशनरी बाईंनी लावलेल्या त्या रोपट्याच्या प्रयोगशाळेत, १९८६ साली, सहा नमुन्यांत विषाणूची बाधा असल्याचे दिसून आले. एका विद्यार्थिनीच्या चिकाटीने देशाची झोप मोडली, हे आमच्या विद्यार्थिनींनी विसरू नये. डॉ. सॉलोमन यांनी पुढे १९९३ साली आपल्या वडिलांच्या नावे एक संस्था काढली आणि २०१५ साली निधन होईपर्यंत हेच कार्य केले.

त्याच १९८६ साली मुंबईतही रुग्ण आढळले आणि पुढील दशकात हे शहर या रोगाच्या मोठ्या केंद्रांपैकी एक झाले. १९९२ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी पुण्याजवळ भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था निघाली. १९९८ साली खास मुंबईसाठी मुंबई जिल्हे एड्स नियंत्रण संस्था सुरू झाली. या संस्थेची कचेरी वडाळ्यास ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालयाच्या आवारात आहे. १८९० साली निराधार कुष्ठरोग्यांस शहरापासून दूर ठेवण्यासाठी जेथे आश्रम बांधला, तेथेच शंभरांहून अधिक वर्षांनी नव्या काळाच्या बहिष्कृतांची काळजी वाहणारी कचेरी आली. हा योगायोग असेल. पण तो बोलका आहे.

भयाने काय होते : गोव्याचे उदाहरण

भयाच्या आहारी जाऊन राज्य कारभार करू लागले म्हणजे काय होते, याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. गोव्यातील पर्रा या गावचे डॉमिनिक डिसोझा हे तरुण ख्रिस्ती गृहस्थ नित्यनेमाने रक्तदान करीत असत. १९८९ साली त्यांच्या रक्तात एच.आय.व्ही. आढळला. तेव्हाच्या गोव्याच्या कायद्यानुसार अशा व्यक्तीस अलग ठेवता येत असे. पोलिसांनी त्यांस नेले आणि म्हापशाच्या एका जुन्या क्षयरोग इस्पितळात पहाऱ्यात ठेवले. ज्याने दुसऱ्यास जीवदान द्यावे म्हणून आपले रक्त दिले, तो चौसष्ट दिवस बंदिवान झाला. लोकांनी निदर्शने केली. त्यांच्या मातोश्री लुसी यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने त्या वेळी कायदा ग्राह्य ठरविला, परंतु सरसकट कोंडण्याची सक्ती तत्पूर्वीच सैल करावी लागली होती. डॉमिनिक यांनी १९९२ साली बाधितांच्या साहाय्यार्थ 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली आणि त्याच वर्षी ते निवर्तले.

या शिक्षेचा रोग थोपविण्याच्या कामी उपयोग झाला काय? मुळीच नाही. तपासणीस गेल्यास आपणांस कोंडतील असे ज्यास वाटेल, तो तपासणीस जाणारच नाही. आणि ज्यास आपली बाधा ठाऊक नाही, त्याच्याकडून ती नकळत दुसऱ्यास होईल. कोंडण्याने रोग थांबत नाही, तो लपतो, आणि लपलेला रोग अधिक पसरतो. आम्ही त्या मुलास मागील बाकावर बसविले, तेव्हा लहान प्रमाणात आम्हीही हेच केले. त्या दिवशी वर्गातील दुसऱ्या एखाद्या मुलाच्या घरी हाच प्रश्न असता, तर त्याने तो मरेपर्यंत कोणास सांगितला नसता.

मौनाने काय होते : आपल्या घरातील उदाहरण

भयाचे जे भावंड, ते मौन. या बाबतीत आम्हां मिशनशिक्षितांस आपल्याच घराकडे पाहणे भाग आहे. रघुनाथ धोंडो कर्वे हे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. संततिनियमन व गुप्तरोगांपासून बचाव यांविषयी लोकांस उघडपणे ज्ञान द्यावे, असे त्यांचे मत होते. कॉलेजच्या ख्रिस्ती चालकांस हे रुचले नाही आणि कर्व्यांस ती जागा सोडावी लागली. पुढे जुलै १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक हालअपेष्टा सोसून चालविले. त्यांच्यावर खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले होते. कर्व्यांची सर्वच मते आम्हांस पटतात असे नाही. परंतु अज्ञान म्हणजे पावित्र्य नव्हे, हे त्यांचे म्हणणे खरे होते. याउपरही धडा पुरता शिकला गेला नाही. २००७ साली शाळांतून लैंगिक शिक्षण देण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा महाराष्ट्रात त्यास मोठा विरोध होऊन ते शिक्षण थोपविले गेले. शाळा गप्प बसली म्हणून मुलांचे शिकणे थांबत नाही. ती गल्लीच्या तोंडावर, हातातील मोबाईलवर आणि चुकीच्या गुरूंकडून शिकतात.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे उदाहरण

आता जरा दूर पाहू. अमेरिकेच्या लोकसंख्येत आफ्रिकन-अमेरिकन लोकांचे प्रमाण सुमारे आठांत एक आहे, परंतु एच.आय.व्ही.ची नवी बाधा ज्यांस झाल्याचे आढळते, अशा दर दहांपैकी जवळजवळ चार लोक त्या समाजाचे असतात. याचे कारण रक्तात नाही, रंगातही नाही. दारिद्र्य, वैद्यकीय साहाय्याचा अभाव, लोकनिंदेचे भय आणि सरकारी वैद्यकाविषयी खोल अविश्वास ही त्याची कारणे होत. अविश्वासास इतिहास आहे. अलाबामा संस्थानात टस्कीगी येथे १९३२ पासून १९७२ पर्यंत सरकारी आरोग्य खात्याने सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर एक अभ्यास चालविला. त्यांपैकी ३९९ जणांस उपदंश होता. रोग कसा वाढतो हे पाहण्यासाठी त्यांस खरे निदान सांगितले नाही, आणि पेनिसिलिनसारखे खात्रीचे औषध निघाल्यावरही ते दिले नाही. १९९७ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी देशाच्या वतीने क्षमा मागितली. ज्यांच्या बापजाद्यांस असे फसविले, त्यांच्या नातवंडांनी इस्पितळाच्या पत्रकावर सहज विश्वास कसा ठेवावा?

हा अविश्वास कोणी दूर केला? न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील इस्पितळात पर्नेसा सील नावाच्या एक कृष्णवर्णीय बाई काम करीत. रुग्ण मरणोन्मुख असता त्यांच्या मंडळीचे कोणीही भेटीस येत नाही, हे पाहून त्यांचे मन कळवळले. १९८९ साली त्यांनी हार्लेममधील प्रार्थनामंदिरांस हाक दिली आणि एड्सग्रस्तांसाठी प्रार्थनेचा सप्ताह सुरू केला. ज्या व्यासपीठांवरून तोवर केवळ पापाचा धिक्कार ऐकू येई, तेथून आता चाचणी कोठे करावी हेही सांगितले जाऊ लागले. १९९१ साली मॅजिक जॉन्सन या विख्यात बास्केटबॉलपटूने आपणांस बाधा झाल्याचे जगजाहीर केले. पुढे ७ फेब्रुवारी हा दिवस त्या समाजात जागृतीसाठी पाळला जाऊ लागला. सार हे की, परक्याने हजार पत्रके वाटून जे होत नाही, ते आपल्या माणसाने एका वाक्याने होते.

आमच्या मानखुर्दची स्थिती पाहा. एकीकडे खाडी, एकीकडे देवनारचा कचऱ्याचा डोंगर. लल्लूभाई कंपाउंडात रेल्वेमार्गाकाठून हलवून आणलेली कुटुंबे. पलीकडे चिता कॅम्पात १९७६ साली जनता कॉलनीतून उठविलेले लोक. ज्यांच्या दारी सरकार बहुधा घर मोडावयास आले, ते त्याच सरकारचे सुई-औषध घेण्यास कचरले तर नवल काय? अशा ठिकाणी शाळेतील मुलगा-मुलगी हाच घरातील विश्वासाचा माणूस असतो. म्हणून हा धडा तुम्हांस सांगत आहो.

औषधाची कथा

रोग समूळ नाहीसा करणारे सर्वांस उपयोगी असे औषध अद्याप निघाले नाही, आणि प्रतिबंधक लसही नाही. मात्र विषाणूस रोखून धरणारी औषधे निघाली आहेत. १९९६ च्या सुमारास तीन औषधे एकत्र दिल्याने मरणाच्या दारातील रुग्ण उठून बसू लागले. पण त्यांचा वर्षाचा खर्च प्रत्येकी दहा हजार डॉलरांच्या घरात असे. गरीब देशांस ते औषध केवळ ऐकण्यापुरते होते. २००१ साली आपल्या मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसुफ हमीद यांनी हीच औषधे वर्षास ३५० डॉलरांत देण्याची तयारी दाखविली आणि जगाचा हिशेब पालटला. आफ्रिकेतील लक्षावधी लोक आज हिंदुस्थानात तयार झालेल्या गोळ्यांवर जगत आहेत. आपल्या देशात १ एप्रिल २००४ पासून सरकारने ही औषधे विनामूल्य देण्यास प्रारंभ केला. आरंभीच्या केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. २०१७ पासून चाचणीत बाधा आढळताच, विलंब न करता, उपचार सुरू करण्याचे धोरण आहे.

औषध रोज, न चुकता, जन्मभर घ्यावे लागते. मध्येच सोडल्यास विषाणू पुन्हा डोके वर काढतो. नियमाने घेतल्यास रक्तातील विषाणूचे प्रमाण इतके घटते की ते तपासणीत मोजताही येत नाही, आणि अशा व्यक्तीकडून लैंगिक संबंधातून दुसऱ्यास बाधा होत नाही, हे आता सिद्ध झाले आहे. बाधित आईने गर्भारपणात उपचार घेतला नाही तर मुलास बाधा होण्याचा संभव शंभरांत पंधरा ते पंचेचाळीस इतका असतो; उपचार घेतल्यास तो पाचांच्याही खाली येतो. २०२३ च्या अंदाजानुसार देशात सुमारे २५ लाख लोक या विषाणूसह जगत आहेत आणि राज्यांत सर्वांत मोठी संख्या महाराष्ट्राची आहे. परंतु २०१० च्या मानाने नव्या बाधांचे वार्षिक प्रमाण चाळीस टक्क्यांहून अधिक घटले आहे. ज्ञान आणि औषध एकत्र आले म्हणजे काय होते, त्याचा हा पुरावा होय.

कायदा काय म्हणतो

१९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की, काम करण्यास समर्थ असलेल्या मनुष्यास केवळ एच.आय.व्ही. आहे एवढ्यावरून नोकरी नाकारता येणार नाही. पुढे संसदेने २०१७ साली एच.आय.व्ही. व एड्स प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम केला. तो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे. त्यानुसार शिक्षण, नोकरी, औषधोपचार व निवास यांत बाधित व्यक्तीशी भेदभाव करणे बेकायदा आहे. संमतीवाचून कोणाची चाचणी करता येत नाही. अठरा वर्षांखालील मुलामुलींच्या बाबतीत पालकांची संमती लागते. कोणाची बाधा दुसऱ्यास सांगण्यास मनाई आहे. बाधितांविरुद्ध द्वेष पसरविणाऱ्यास तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अर्थात्, आम्ही त्या मुलास मागील बाकावर बसविले तेव्हा आम्ही न्यायाने वागलो नाही, आणि कायद्यानेही वागलो नाही.

विद्यार्थ्यांचे कर्तव्य

आता तुम्ही काय करावे ते सांगतो. आपले शरीर ही देवाची ठेव आहे, असे मानून संयमाने वागावे. विवाहापूर्वी ब्रह्मचर्य व विवाहात परस्परनिष्ठा, ही आमची शिकवण आहे आणि राहील. मात्र निरोधाचा योग्य वापर बाधेपासून बचाव करतो, हे वैद्यकाचे सत्य लपविणे म्हणजे धर्माचरण नव्हे. शिवाय हेही ध्यानात ठेवावे की, स्वतः एकनिष्ठ राहिलेल्या कित्येक पत्नींस पतीकडून बाधा झाली आहे, आणि कित्येक अर्भकांस जन्मतःच. तेव्हा बाधा पाहून चारित्र्याचा निवाडा करू नये.

इंजेक्शन घेताना सुई नवी व निर्जंतुक आहे, हे पाहावे. न्हाव्याकडे नवे पाते मागावे. गोंदवून घ्यावयाचे तर तेथील सुईचीही चौकशी करावी. नशेच्या सुईच्या वाऱ्यासही उभे राहू नये. रक्त लागल्यास ते परवानाधारक रक्तपेढीतूनच घ्यावे. पैसे घेऊन रक्त विकण्यास १ जानेवारी १९९८ पासून बंदी आहे. रक्तदानाने मात्र दात्यास काही अपाय होत नाही. कोणाची रक्ताळलेली सुई टोचली, किंवा कोणी तुमच्या शरीराशी बळजबरीने दुर्वर्तन केले, तर लाजू नये. तत्काळ विश्वासू वडीलधाऱ्यास सांगून इस्पितळ गाठावे, कारण बाधा टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू केली तरच उपयोगी पडतात. दुर्वर्तनाच्या प्रसंगी दोष तुमचा नसतो. मुलांच्या साहाय्यासाठी १०९८ व या रोगाविषयी माहितीसाठी १०९७ हे दूरध्वनी क्रमांक विनामूल्य आहेत. सरकारी व महापालिकेच्या इस्पितळांतील समुपदेशन व चाचणी केंद्रांत तपासणी फुकट होते आणि निकाल गुप्त राखला जातो. मात्र बाधा झाल्यानंतरचे काही आठवडे, क्वचित तीन महिनेपर्यंत, ती चाचणीत दिसत नाही. म्हणून सांगितल्यास पुन्हा चाचणी करावी.

उपसंहार

पालक येऊन गेल्यावर चार दिवसांनी आम्ही अशा एका केंद्रातील समुपदेशक बाईंस भेटलो. त्यांनी त्या मुलाविषयी एक अक्षरही सांगितले नाही. आम्हांस मात्र दीड तास शिकविले. परत येऊन आम्ही दोन तासिका हाच धडा घेतला. मुलांनी इतके प्रश्न विचारले की दुसरी तासिका अपुरी पडली. मग त्या चार पालकांस बोलावून तोच धडा पुन्हा घेतला. तिघांस पटला, चौथे गृहस्थ न बोलता उठून गेले. दुसऱ्या दिवशी प्रार्थना होण्यापूर्वीच, कोणी न सांगता, त्या मुलाचा जुना सोबती मागे गेला, त्याचे दप्तर उचलले आणि पुढील बाकावर आणून ठेवले. शाळा सुटल्यावर आम्ही त्या मुलाची एकांतात क्षमा मागितली. तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने त्याने, रजेच्या दिवशी भूगोलाचा कितवा धडा झाला, एवढेच विचारले.

त्यास खरोखर बाधा होती, की तो घरातील कोणासाठी औषध आणीत असे, हे आम्हांस आजही ठाऊक नाही. ते ठाऊक असण्याची आम्हांस गरज नव्हती, हे शिकण्यासच आम्हांस इतकी वर्षे लागली.

मार्कलिखित शुभवर्तमानात एका कुष्ठरोग्याची गोष्ट आहे. ती आम्ही रविवारच्या शाळेत कित्येकदा शिकविली. पण तिच्यातील क्रमाकडे आमचे लक्ष कधी गेले नव्हते. प्रभूने त्या मनुष्यास बरे करून मग स्पर्श केला नाही. आधी हात पुढे करून त्यास स्पर्श केला, आणि त्यानंतर तो शुद्ध झाला. आम्ही मात्र नेहमी उलट सांगत आलो : आधी बरा हो, मग जवळ ये. आमच्या विद्यार्थ्यांनी तरी हा क्रम उलटा शिकू नये. वर्गातील कोणताही बाक कोणाच्या भयाने रिकामा राहणार नाही, हे पाहणे आता त्यांच्या हाती आहे.